महादेवीबाईंची वात

महादेवीबाई मेणबत्ती भेट द्यायच्या आणि दुसऱ्याच दिवशी शाळेच्या फाटकात गाठून विचारायच्या, "लावलीस का गं? उजेड कसा पडला, खरं सांग." माझ्या वास्तुशांतीनंतर मलाही विचारलं. "लई छान पडला, बाई," मी म्हटलं. मेणबत्ती तेव्हा शोकेसमध्ये होती, काडीसुद्धा न लागलेली.

चाकूरच्या आमच्या शाळेत त्या शिवण शिकवायच्या, तेही तासिका तत्त्वावर. उदगीरकडच्या; कपाळाला विभूती आणि जिभेवर औषधालाही साखर नाही. कुणाचं बारसं असो की वाढदिवस, आम्ही शिक्षिका वर्गणी काढून स्टीलचा डबा आणायचो. त्या वर्गणी द्यायच्याच, वर आपली मेणबत्तीही आणायच्या. "डबा दुकानाचा. ही माझी," एवढंच म्हणायच्या.

एका रविवारी त्यांच्याकडे गेले तर बाई पातेल्यात मेण वितळवत बसल्या होत्या. मेण ओतायला रुंद तोंडाच्या करवंट्या घासूनपुसून गुळगुळीत केलेल्या, मेणात वाळ्याचा वास, आणि वातीला शिवणाच्याच दोऱ्याचा पीळ. मी सहज म्हटलं, एखादी आधी लावून बघा की. त्या माझ्यावरच उखडल्या. "निवद कोणी चाखून ठिवतंय का? द्यायची वस्तू अगुदर आपण जाळली की उष्टी झाली. म्हणून तर तुमाला इचारते."

तेव्हा तरी खरं सांगायला हवं होतं. पण तोंडातून पुन्हा तेच निघालं, "आमची मस्त जळाली, बाई." बाकीच्या जणीही हेच सांगायच्या. त्यांच्या मेणबत्त्या तर ब्लाऊजपीससारख्या या घरून त्या घरी फिरत होत्या. माणसाचं मन मोडू नये, असं आम्ही एकमेकींना सांगायचो. खरं तर लावायचा कंटाळा होता, दुसरं काही नाही.

पुढे शिवणाचा तासच बंद झाला. इतकी वर्षं शिकवलेल्या बाईला आम्ही निरोप दिला तोही स्टीलच्या डब्यानं. "आता ह्यात काय ठिवू, तास?" असं म्हणून त्या हसल्या. मग म्हणाल्या, "तुमी साऱ्याजणी चांगलं म्हणता, मंग इकूनच बघते. पोटापुरतं भागंल." लातूरच्या एका दुकानदारानं दिवाळीसाठी दोन खोकी ठेवून घेतली. बाईंनी महिनाभर जागेवरून न उठता ती भरली होती.

दिवाळी सरली आणि त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या. दोन्ही खोकी परत आली होती.

"वात बुडतीया म्हणं," खुर्चीवर टेकत त्या म्हणाल्या. "थोडी जळती, मेणात खड्डा पडतो अन् इझती. गिऱ्हाइकानं आणून आपटल्या. तुझी कशी न्हाई बुडाली?"

मी पाणी आणायला वळले. परत आले तर बाई शोकेससमोर उभ्या होत्या. करवंटीतली वात पांढरीशुभ्र होती. मला वाटलं, आता शिव्या घालतील. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"दोरा बारीक पडत व्हता," त्या हळू म्हणाल्या. "एकीनं सांगितलं असतं तर जाड पिळला असता. तोंड गोड करायला पेढे व्हते की गं."

पाण्याला हात न लावता त्या गेल्या. मग बिलोलीला भावाकडे राहायला गेल्या. मी दोनदा फोन केला, त्यांनी उचलला नाही. मेणबत्त्या पुन्हा केल्या नाहीत, असं कळलं.

गेल्या महिन्यात त्या वारल्याचा निरोप आला. त्या संध्याकाळी मी करवंटी शोकेसमधून काढली आणि लावली. वाळ्याचा वास अजून होता. ज्योत थोडा वेळ बरी जळाली, मग वातीभोवती खड्डा पडला, त्यात मेण साचलं आणि वात बुडाली.

एवढंच सांगायचं होतं.