मला न पटलेली भिंत

माझ्या सुनेने नोकरी स्वतःहून सोडली असं आमचे नातेवाईक समजतात. ते खरं नाही. ती मी घालवली, भीतीपोटी.

गंगापूर रोडच्या एका कॅन्सर हॉस्पिटलात ती कोबाल्टच्या यंत्रावर होती; ते गॅमा किरण सोडून गाठ जाळतं. आत पेशंट एकटा झोपतो. ही भिंतीच्या बाहेर बसून पडद्यावर त्याला बघते. तिला दिवस गेले आणि ती भिंत माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

मी आयुष्यभर साइटवर सुपरवायझर होतो. गॅमा किरण अडवायला शिसं लागतं, नाहीतर काँक्रीट, पण ते भरपूर जाड आणि ठासून भरलेलं हवं. माल ठासणारा व्हायब्रेटर नीट फिरला नाही की खडीमध्ये पोकळ्या राहतात, फळ्या काढल्यावर मधाच्या पोळ्यासारख्या दिसतात. साहेब यायच्या आत आम्ही त्या माल लिंपून बुजवायचो. वरून भिंत गुळगुळीत. नाशिक रोडला अशा इमारतींत लोक सुखाने राहतात. पण किरणांना पोकळी म्हणजे मोकळी वाट.

माझी घालमेल बघून एका रविवारी तिने मला तिथे नेलं. यंत्र चालू करून किरण मोजणारा हातातला मीटर भिंतीवरून फिरवला.

"बघा, पार्किंगमध्ये होता जवळपास तेवढाच आकडा. सगळी भिंत अशीच तपासलेली आहे."

"आणि भरताना मध्येच मिक्सर बंद पडून आत सांधा राहिला असेल तर?"

"अहो बाबा, ही तुम्ही नाही बांधलेली!"

ती हसली.

आकडा पाहूनही मला पटलं नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या विभागाच्या मोठ्या डॉक्टरांना एकटाच भेटलो. "तिला मशीनवर चक्कर येते, तुम्हाला सांगायला संकोचते," असं धडधडीत खोटं बोललो. त्यांनी कारण न सांगता तिला काउंटरवर बसवलं; दिवस गेलेत म्हणून असेल, असं तिला वाटलं. मशीनवर दुसरी मुलगी आली आणि बाळंतपणानंतर हिला जागा उरली नाही. नात ठणठणीत आहे. पण नऊ महिने त्याच भिंतीशी बसलेल्या तिच्या मैत्रिणीचा मुलगाही ठणठणीत आहे.

मागच्या आठवड्यात एका नव्या हॉस्पिटलाने जुन्या ठिकाणी चौकशी करून तिला मुलाखतीत विचारलं, चक्कर अजून येते का? ती घरी येऊन म्हणाली, "मला कधी आली होती हो चक्कर?" मी चहाचा कप खाली ठेवला. मग सगळं सांगितलं.

ती ओरडली नाही. "उद्या चला माझ्याबरोबर. तिथे हेच सांगा."

मुलगा म्हणाला, "अगं, या वयात कुठे नेतेस त्यांना?"

"भिंतीला घाबरले तेव्हा एकटे गेलेच होते ना?"

गेलो. चक्कर मीच रचली होती, हे नव्या डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, "कळवतो" म्हणाले. परतताना रिक्षात ती बाहेर बघत बसली.

अजून कळवलेलं नाही. घरात कुणाचाही फोन वाजला की मी आधी तिच्या चेहऱ्याकडे बघतो.