विहिरीच्या पाण्यातला दिवा

इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर ओतताना मला अजून मुळशीच्या शाळेतला तो इवलासा लाल दिवा दिसतो. मी नववीत होते. सरांनी असल्याच पाण्यात सेल आणि दिव्याला जोडलेल्या दोन तारा बुडवल्या, पण दिवा लागला नाही. "शुद्ध पाण्यातून वीज जात नाही," ते म्हणाले. मग मी मोठ्या दिमाखात माझ्या बाटलीतलं आमच्या विहिरीचं पाणी पुढे केलं. दिवा मिणमिणला आणि मागून कुणीतरी ओरडलं, "हिची इहीर घाण हाय!"

घरी येऊन मी रडत सगळं सांगितलं. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दुसऱ्याच दिवशी भावकीतली माणसं बोलावून विहीर उपसली, गाळ काढला आणि नव्या पाण्यात पाटीभर चुना सोडला. दोन दिवसांनी म्हणाले, "आता ने पानी."

नेलं. दिवा आधीपेक्षा लख्ख पेटला. वर्ग खदाखदा हसला.

जमिनीतले क्षार काय, चुना काय, पाण्यात विरघळले की त्यांचे विद्युतभारित कण सुटे होतात आणि वीज वाहून नेतात. त्यात घाणीचा काही संबंध नाही. हे सरांनी पुढच्या तासाला शिकवलं. त्याआधीच दादांनी मला बांधावर गाठलं होतं.

"पेटला का गं दिवा?"

त्यांच्या बोटांना चुन्यानं भेगा पडल्या होत्या.

"न्हाई, दादा."

आजही पाव्हण्यांना गूळ-पाणी देताना ते सांगतात, "प्या बिनघोर. आमच्या पान्यात दिवा पेटत न्हाई." पाव्हणे खात्रीसाठी शिकलेल्या लेकीकडे बघतात. मी मान खाली घालून गुळाची वाटी पुढे करते.