गार्डसाहेबांच्या मनगटावरची चेन

तिरोडा भागात ठाणेदार असताना मी बरेच गुन्हे तपासले. त्यातले बहुतेक आता एकमेकांत मिसळून गेलेत. ही एक घटना मात्र अजून तशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहते. २०११-१२च्या सुमाराची. यातल्या कुणाचंही नाव मी देणार नाही. काही माणसं अजून हयात आहेत.

हिवाळ्याचे दिवस होते. धान कापून झालं होतं. सकाळी हजेरी उरकून मी खोलीत कागद पाहत होतो. बाहेर ठाणे अंमलदाराचा आवाज चढलेला ऐकू आला.

"कोण लागता तुम्ही त्यांचे?"

"कोणी नाही."

"मग तक्रार तुम्ही काऊन देऊन राहिले? म्हातारा माणूस आहे, गेला असन पोराकडं."

"ते दर रविवारी माझ्याकडे येतात. मागच्या दोन रविवारी आले नाहीत. फोन बंद आहे."

मी त्याला आत बोलावलं. चाळिशीचा, किरकोळ बांध्याचा माणूस. बोटांच्या पेरांत काळं बसलेलं, पण शर्ट इस्त्रीचा. गोंदियाहून बसनं आला होता. पूर्वी पुण्याकडे एका कारखान्यात साचे बनवायच्या खात्यात होता. आई आजारी पडली म्हणून नोकरी सोडून परतला, आई गेली आणि हा गोंदियातच राहिला. आता तो घड्याळांच्या धातूच्या चेन बनवायचा. चेन दुरुस्त करणारा नव्हे, चेनचं डिझाइन करणारा. जुन्या धाटणीची चावीची घड्याळं हल्ली पुन्हा निघतात, हौशी लोक ती घेतात, पण त्यांच्यासोबत आलेला पट्टा त्यांना पसंत पडत नाही. अशांसाठी हा संगणकावर चेन आखायचा, नागपूरहून स्टीलचे तुकडे कापून आणायचा आणि घरी घासून, जोडून कुरिअरनं पाठवायचा. गिऱ्हाईक बंगळुरूचे, कोलकात्याचे. त्यातल्या एकाचाही चेहरा त्यानं पाहिलेला नव्हता.

ज्यांच्यासाठी तो आला होता ते रेल्वेतले निवृत्त गार्ड. विधुर. बोदलकसा तलावाजवळच्या एका गावात वडिलोपार्जित घरात एकटे राहायचे. गावात सगळे त्यांना गार्डसाहेब म्हणत. नोकरीतल्या जुन्या घड्याळाची चेन तुटली म्हणून कुणीतरी त्यांना या माणसाचा पत्ता सांगितला होता. चेन दुरुस्त होण्यापलीकडे गेली होती. यानं सांगितलं, नवी आखून देतो, पण तुम्हाला ती वापरून पाहावी लागेल.

"मनगट गोल नसतं साहेब," तो मला म्हणाला. "उन्हाळ्यात फुगतं, सकाळी बारीक असतं. कागदावर सगळं बरोबर येतं आणि हातात घातल्यावर केस ओढते. मला एक हात पाहिजे होता. ते म्हणाले, माझा घे."

तेव्हापासून गार्डसाहेब दर रविवारी गोंदियाला यायचे. कुठं टोचतं, कुठं सैल पडतं ते सांगायचे. मग चहा, मग जेवण, मग संध्याकाळच्या गाडीनं परत.

मी मिसिंगची नोंद घ्यायला लावली. पण हरवल्याची खबर आणणाऱ्यालाच आधी पारखून घ्यावं, हा आमचा शिरस्ता. माणूस एकटा, हरवलेलाही एकटा, दोघांच्या मधे एक घड्याळ. मी एका हवालदाराला घेऊन त्याच्या घरी गेलो. दोन खोल्या. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली लहानसं लेथ मशीन, आणि जिथं बघावं तिथं स्टीलच्या कड्या. पलंगावर, खिडकीत, गॅसच्या शेगडीशेजारीसुद्धा. एका खुर्चीवर मात्र काहीच ठेवलेलं नव्हतं. हवालदार तिच्यावर बसायला गेला तेव्हा चेनवाल्याच्या तोंडावरून मला कळलं की ती कुणाची खुर्ची आहे. त्याच्या फोनची माहिती काढली. आठवड्याला येणारे-जाणारे फोन गार्डसाहेबांचेच, बाकी कुरिअरवाल्याचे. त्याच्यावरचा संशय मी तिथंच सोडला.

गार्डसाहेबांच्या मुलाला रायपूरला फोन केला. तो म्हणाला, "बाबा इकडे आलेले नाहीत. ते असंच करतात साहेब, कधी फोन उचलत नाहीत. आम्हीही सवय करून घेतली." घराला बाहेरून कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, "रायपूरले गेले असतीन जी." मुलाला वाटत होतं बाबा गावी आहेत, गावाला वाटत होतं ते मुलाकडे आहेत. गावाभोवती, तलावाच्या पाळीवर शोध घेतला. काही हाती आलं नाही.

मग उरलं ते घड्याळ. तशी चेन बाजारात दुसरी नव्हती. चाचणीसाठी आधी केलेला तिच्या जोडीचा नमुना, जोडनमुना, त्यानं आम्हाला दिला आणि कागदावर काढून समजावलं. बाजारातल्या चेनच्या कड्यांना पिना असतात, कुठलाही घड्याळवाला त्या ठोकून काढतो. याच्या कड्यांना बारीक स्क्रू होते. लॉकही निराळं. दोन बाजूंच्या कळा एकदम दाबल्या की आतला खटका सुटायचा. म्हाताऱ्या माणसाच्या हातून घड्याळ पडू नये, म्हणून मुद्दाम केलेली सोय. चेनचा फोटो मी जिल्ह्यातल्या सगळ्या ठाण्यांना पाठवला. आठवडी बाजारात बसणाऱ्या घड्याळवाल्यांना दाखवा म्हणालो. चोरीचं घड्याळ कधी ना कधी त्यांच्यापुढे येतंच.

खबर देवरीहून आली. तिथल्या बाजारातला एक घड्याळवाला आमच्या माणसाला म्हणाला, "साब, ये चैन मेरे पास आई थी. एक ट्रॅक्टरवाला लाया था. त्याच्या हाताले घट्ट होत होती, कड्या वाढवून दे म्हणे. मैंने कहा, इसमें पिन नहीं है, स्क्रू है. माझ्याकडं एवढा बारीक पेचकसच नाही. लॉक भी टेढ़ा था."

ट्रॅक्टरवाला दुसऱ्या दिवशी घरीच सापडला. घड्याळ त्याच्या पेटीत होतं. पंचांसमक्ष जप्त करून त्याला ठाण्यात आणलं. दणकट, शेतात राबलेला माणूस, बायको-पोरांचा. आधीचा एकही गुन्हा नाही. बोदलकशाजवळ कालव्याच्या कामावर ठेकेदाराकडे ट्रॅक्टर चालवायला होता, काम संपल्यावर देवरीला परतला होता.

मी चहा मागवला. चौकशीला बसलेल्या माणसाच्या हातात गरम कप दिला की त्याचे हात दिसत राहतात. तोंडापेक्षा हात आधी बोलतात, हा माझा अनुभव.

"घड्याळ कुठून आणलं?"

"इकत घेतलं जी. तिरोड्याच्या बजारात."

"कोणाकडून?"

"एक म्हातारा होता. तेनं सोताच हातातून काढून देल्लं."

तीच गोष्ट त्यानं मला पुन्हापुन्हा सांगितली, एक शब्दही न बदलता. खरं बोलणारा माणूस प्रत्येक वेळी थोडं वेगळं सांगतो. मी जोडनमुन्याची चेन माझ्या मनगटावर चढवली. दोन कळा दाबल्या, लॉक अलगद सुटलं. मग जप्त केलेली चेन त्याच्यापुढे ठेवली. लॉकची कड बाहेरून वर उचकटलेली होती आणि तिच्यावर पात्याचे ओरखडे होते.

"मालकानं स्वतः काढून दिली ना? मग चाकू कायले लागला?"

चहा त्याच्या पँटीवर सांडला तरी त्याला कळलं नाही.

"तो पडून होता जी," शेवटी तो म्हणाला. "नालीत. जंगलाच्या पायवाटेनं मी ट्रॅक्टरकडं जाऊन राहिलो होतो. पाय वाकडा झाला होता तेचा."

"मेलेला होता?"

"हललाच नाही."

"श्वास चालू होता का ते पाहिलं?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. तशी नजर मी गुन्हेगाराच्या चेहऱ्यावर फार क्वचित पाहिली आहे.

"नाकाशी हात नाही नेला जी."

"कायले नाही नेला?"

"जिवंत निंगाला असता तं घड्याळ घेता आलं नसतं."

खोलीत लिहून घेणारा शिपाई थांबला. मी त्याला लिही म्हणालो. मग ट्रॅक्टरवाल्यानं न विचारता आणखी एक सांगितलं. "घड्याळ चालून राहिलं होतं जी. तवा वाटलं, चांगलं हाय."

त्यानं जागा दाखवली. पायवाटेपासून थोडं आत, वन खात्यानं खोदलेली खोल नाली होती, वर झुडपांनी झाकलेली. वरून चालणाऱ्याला काही दिसलं नसतं. ट्रॅक्टरवाला खाली उतरला होता तो लघवीसाठी. पंचनामा झाला, मर्ग म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद झाली. ओळख कपड्यांवरून पटली, पुढे मुलाच्या रक्ताच्या तपासणीवरून पक्की झाली. नालीत पडून मांडीचं हाड मोडलेलं होतं. त्यानं मरण येत नाही लगेच, डॉक्टर म्हणाले. किती वेळ ते तिथं होते, हे मात्र त्यांना सांगता येईना.

डिझायनरला मी स्वतः कळवलं. घड्याळ चालू होतं हे सांगितलं तेव्हा त्यानं डोळे मिटले. "ते रोज सकाळी चावी द्यायचे," तो म्हणाला. "एका चावीवर ते दुसऱ्या दिवसापर्यंत चालतं. त्यापुढे नाही." म्हणजे तो माणूस तिथं पोचला तेव्हा गार्डसाहेब पडून फार तर एक दिवस झाला होता. यावरून आणखी काय निघतं ते आम्हा दोघांनाही कळत होतं.

मृताच्या अंगावरच्या मालाचा अपहार, एवढंच कलम लावता आलं. पुढचं सिद्ध करायला साक्षीदार नव्हता. कोर्टात शिक्षा झाली, थोडीच. तो सुटून आल्यावर गाव सोडून गेला असं कळलं. कुठं ते ठाऊक नाही.

अंत्यविधीला मुलगा आला, सून आली, गाव आलं. मुलगा वाईट नव्हता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, मी एकदा यायला पाहिजे होतं." डिझायनर घाटावर सगळ्यांच्या मागे उभा होता. नातलगांनी तो कोण म्हणून विचारलं तेव्हा गावातल्या कुणालाच सांगता आलं नाही. मीच म्हणालो, "यांनी तक्रार दिली म्हणून ते सापडले." मुलानं जाऊन त्याचे हात धरले. डिझायनर एवढंच म्हणाला, "शेवटची फिटिंग झाली होती. टोचते का, ते विचारायचं राहिलं."

पोलिसाला वाटतं की माणसाची काळजी करण्याचा हक्क रक्ताच्या नात्याला आहे, कागदावर तसा रकानाच असतो. या प्रकरणानंतर पुढे माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक ठाण्यात मी सांगून ठेवलं होतं: तक्रार घेऊन येणाऱ्याला आधी बसवा, पाणी द्या, आणि शेवटचं कधी भेटला ते विचारा. नातं नंतर. ज्याला कुणाच्या न येण्यानं खटकतं, तोच त्याचा वारस, मग कायदा काहीही म्हणो.

निवृत्त होऊन मी गोंदियातच राहिलो. पत्नीला जाऊन काही वर्षं झाली. मुलगी परदेशात आहे, फोन करते, पण तिथला दिवस ती इथली रात्र, मग राहून जातं. घर मोठं आहे. एखाद्या दिवशी दुपारपर्यंत मी एक शब्दही बोललेला नसतो, आणि हे दुपारी चहाला गेल्यावर स्वतःचा आवाज ऐकून लक्षात येतं.

कोपऱ्यावरच्या चहावाल्याला मी एकदा हसत हसत सांगितलं, "दोन दिवस दिसलो नाही तं ठाण्यात जाऊन सांगजो."

त्यानं माझ्याकडे न पाहता दूध ढवळलं. "ठाण्यात कायले जाऊ साहेब?" तो म्हणाला. "पयले तुमच्या घरी नाही येणार का?"

मी चहा घेतला आणि जरा जास्तच वेळ तिथं बसून राहिलो.