अनंतच्या जागेतली पांढरी माती

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. धमक असती तर ज्याला सांगायला हवं त्यालाच सांगितलं असतं, नाही का?

मी भूगर्भतज्ज्ञ. टाइल्स आणि कपबश्या बनवणाऱ्या कारखान्यांसाठी माती तपासायचो. भट्टीत भाजून पांढरी राहिली तर कामाची. तांबूस पडली तर तिच्यात लोखंड फार, सोडून द्या. एवढंच काम. पण रत्नागिरीच्या आतल्या गावांत जीपमधून उतरलो की वाटायचं — आपण कुणीतरी आहोत. साहेब!

अशाच एका गावात अनंत भेटला. त्याच्या जागेत जांभ्या दगडाखाली पांढरी माती लागली होती. कारखाना आला तर खाणीवर देखरेखीचं काम त्यालाच मिळणार होतं. तेवढ्या आशेवर हा मुंबईची नोकरी सोडून बायको-मुलीला घेऊन गावी आलेला. मला तो पहिल्या दिवसापासून डोक्यात गेला. मोठ्यानं बोलणं, माझं वाक्य मध्येच तोडणं, खांद्यावर हात टाकणं — माझ्या खांद्यावर!

माती उत्तम होती. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर मी पुन्हा सावरून घेईन. पहिल्या फेरीत नेलेलं ढेकूळ मी स्वतः भाजून पाहिलं होतं. दुधासारखं पांढरं निघालं. पक्का नमुना तेवढा न्यायचा होता.

त्यासाठी खड्डा खणला. शिडीवरून उतरताना माझा पाय सटकला आणि मी चिखलात बसलो — सगळ्या गावासमोर. अनंत पोट धरून हसला.

"सायेब, आमच्या मातीनं तुम्हाला धरलान वो!"

मग त्यानंच हात देऊन उठवलं, घरी नेलं, आपला धुतलेला पायजमा दिला. त्याच्या बायकोनं, सुलभानं, चहा दिला. मी चहा प्यायलो. हसलोसुद्धा. आणि —

आणि दुपारी सगळे जेवायला गेल्यावर एकटाच पुन्हा खड्ड्यात उतरलो. खालची पांढरी माती भरायची होती. मी वरची भरली — जांभ्याला चिकटलेली, तांबूस. पिशवीवर खालच्या थराचं नाव घातलं. नमुना भाजला, तो विटेसारखा निघाला. कारखाना दुसरीकडे गेला.

कशासाठी केलं? कुणी दबाव आणला नव्हता. एक माणूस मला हसला होता. बस, इतकंच. इतका हलका मी.

अनंत गावभर सांगत सुटला, सायबानं माती बदललान. कुणी ऐकलं नाही. मीही तुच्छतेनं म्हणालो, "शिकलेल्या माणसाचं यांना पटायचं नाही." मान डोलावणाऱ्यांनी डोलावली. तो एकटाच मुंबईला परत गेला. आता शिमग्याला आणि गणपतीला तेवढा येतो.

गेल्या वर्षी रत्नागिरीत खाणींपासून डोंगर वाचवणाऱ्या मंडळींनी माझा सत्कार केला — माझ्या निकालामुळे अनंतच्या गावची खाण टळली म्हणून. कंपनीला न जुमानता खरा निकाल देणारा बाणेदार माणूस म्हणे! मूर्ख लेकाचे. आणि मी? खाली मान घालून शाल घेतली. विनय मला छान जमतो.

लोक पांगल्यावर सुलभा पुढे आली. मुद्दाम गावाहून आली होती.

"एक विचारू काय सायेब? आमची माती खरंच वायट होती काय वो?"

जवळ कुणी नव्हतं. शाल अजून खांद्यावर होती. एक शब्द पुरला असता.

"हो," मी म्हणालो. "लोखंड फार होतं."

तिचा चेहरा सैल झाला. "बरं झालं विचारलं. आमचे हे अजून तुमच्या नावानं बोटं मोडतात. इतकी वर्षं मलाही वाटायचं, असेल ह्यांचं खरं. आता सांगते त्यांना — उगाच भल्या माणसाला दोष देऊ नका."

"सांगा," मी म्हणालो.