दारात वाकलेला माणूस

कुणी दारात चप्पल काढायला वाकलं, की तांबी दिवाणाखाली पळते. प्राण्यांच्या निवाऱ्यातून या कुत्रीला आणून पंधरा दिवस झाले. तिथल्या बाईंनी बजावलं होतं, "हात लावायला जाऊ नका, तीच येईल." आता ती येतेही, माझ्या पावलावर नाक टेकून बसते. पण दारात कुणी वाकलं की संपलं.

काल खालच्या मजल्यावरचे काका तिला बघायला आले. ते वाकले आणि तांबीनं जागच्या जागी मुतून टाकलं. काका खो खो हसले. "अरे, भारीच आहे ही!" म्हणत त्यांनी चप्पल हातात घेतली, आत आले आणि मुद्दाम उगारून दाखवली. ती भिंतीला चिकटून थरथरत राहिली. ते पुन्हा हसले.

मला शिसारी आली. तांबीला कधीतरी चपलेनं मारून ही भीती घालणारा माणूस इतके दिवस मला कुणी राक्षस वाटत होता. तो असाच असणार. इस्त्रीचा सदरा घातलेला, देवळाबाहेर चपला नीट जोडीनं ठेवणारा, आणि त्याच हातावर प्रसाद घेणारा. अशा माणसांना आपण "या, बसा" म्हणतो, चहा टाकतो.

आईनं आजवर उंबऱ्याच्या आत कुणाची चप्पल येऊ दिलेली नाही. ती फडकं घेऊन आली, खाली बसून फरशी पुसली, आणि मान वर न करता काकांना म्हणाली, "ती चप्पल इथंच, घरातच पायात घाला. आणि निघा."