पळी उभी राहीपर्यंत

बाइंडरबाबांचा जन्म पुस्तकं बांधण्यात गेला. मैद्याची खळ शिजवावी तर त्यांनीच, गुठळी औषधालाही सापडायची नाही. दुकान बंद झालं, ते मुलाकडे राहायला आले, आणि हातांचं काम सुटल्यावर जिभेनं ते अंगावर घेतलं.

सून एका दवाखान्याच्या धुलाईघरात कामाला होती. घरी आली की एका शेगडीवर पास्ता उकडायची, दुसरीवर लोणी, मैदा, दूध ढवळून वर चीज किसायची. हां हां म्हणता ताटं वाढलेली असायची. एकदा पाहुण्यांदेखत बाबा म्हणाले, "वा सूनबाई, खळ फक्कड जमलीय. दोन वह्या सहज बांधून होतील." पाहुणे पोट धरून हसले. विनोद खपला म्हणून बाबांनी तोच पुनःपुन्हा वाढला. मग पास्ता ताटात यायचाच बंद झाला. बाबांच्या ते ध्यानातही आलं नाही.

एका संध्याकाळी नात तोंड पाडून म्हणाली, "आजोबा, तुम्ही हसता म्हणून आई आता पास्ता करत नाही."

बाबा चपापले. पण सरळ चूक कबूल करतील तर ते बाबा कसले! आज आपणच करून घालू, म्हणजे फिटंफाट, असं ठरवून ते ओट्याशी उभे राहिले.

ढवळण्यात कोण हात धरणार त्यांचा? चीज विरघळलं, सॉस पळीवरून संथ ओघळू लागला. तिथंच गॅस बंद करायचा. पण पळी उभी राहिल्याशिवाय खळ झाली म्हणायची नाही, ही दुकानातली सवय. ते ढवळत राहिले आणि पळी उभी राहिली. त्यात पास्ता घालून त्यांनी नातीला चव बघायला दिला. तिनं ताटली उलटी करून बघितली. एकही तुकडा खाली पडला नाही.

तेवढ्यात सून आली आणि भांड्यात डोकावली. बाबांनी मान खाली घातली. तिला एकच शब्द पुरे होता, आणि तो त्यांनीच शिकवला होता. तिनं मात्र गरम दूध ओतलं, मंद आचेवर सगळं सैल केलं आणि मीठ-मिरपूड घातली.

आज आजोबांनी रांधलंय हे नातीकडून कळल्यावर जेवताना मुलगा खूश झाला. बाबांच्या हाताला काय चव आहे म्हणाला. सून शांतपणे वाढत राहिली. बाबा गप्प बसले असते तर खपूनही गेलं असतं.

"सूनबाईनं केलाय," ते म्हणाले.

मुलाचा चमचा थांबला. "बाबा, पुरे आता. दमून येते ती. रोज तिची चेष्टा हवीच का?"

सून घरात असून रांधावं लागलं ते आपल्याला, असा टोमणाच त्याला त्यात ऐकू आला होता. आपल्या तोंडून सुनेबद्दल बरं काही निघेल, हे पोटच्या पोरालाही खरं वाटत नव्हतं. बाबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चेष्टा नाही रे. मी केली ती खळ होती, हिनं निस्तरली." मग ते सुनेकडे वळले, पण वर बघवेना. "पाहुण्यांसमोर तसं बोललो, त्याची लाज वाटते मला. चुकलं माझं, पोरी."

सून लगेच हसली नाही. भांड्याच्या तळाचं खरवडून तिनं त्यांच्या ताटात वाढलं.

"उद्या मी करेन," ती म्हणाली. "शेजारी उभे राहा. गॅस कधी बंद करायचा ते सांगते."