काकाजींचा चमकत्या कार्डांचा धंदा

आमच्या काकाजींइतक्या थाटात तोटा सोसणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा सापडायचा नाही. धंद्यात खोट आली की लोकांचे चेहरे उतरतात, जेवण जात नाही, काकाजींना खोट आली की ते अमरावतीच्या राजापेठेतल्या टपरीवर चार अनोळखी माणसांना चहा पाजायचे आणि छाती काढून सांगायचे, “आज पंधराशेचं कलेक्शन झालं, बाप्पा!” काकाजी माझे सख्खे काका नव्हेत. धारणीहून अमरावतीला येणाऱ्या गाडीचे ते कंडक्टर. मी वसतिगृहात राहून शिकत होतो तेव्हा आईने गावाहून दिलेला डबा ते गाडीतून आणायचे आणि ड्यूटी संपली की वसतिगृहापर्यंत चालत येऊन हातात द्यायचे. “डब्याचं भाडं किती झालं?” असं मी एकदा भीतभीत विचारलं. म्हणाले, “पास होऊन दाखव. भाडं वसूल झालं.” आमच्या घरात पदवी घेतलेला पहिला माणूस मी. आज अकोल्याच्या एका कॉलेजात मुलांना हिशेब ठेवायला शिकवतो, त्यात त्या डब्यांचा किती भाग आहे हे मला नीट ठाऊक आहे.

काकाजी निवृत्त झाले, काकू वारल्या, मुलगा पुण्याला नोकरीत रमला आणि राजापेठेतल्या दोन खोल्यांत काकाजी एकटे उरले. तेव्हा त्यांनी हा धंदा काढला. पैलवानांची, क्रिकेटवाल्यांची, शिंगं-पंख असलेल्या चमत्कारिक प्राण्यांची ती कार्डं असतात ना, पोरं जमवतात ती? नोकरीत असताना शाळकरी मुलं ती गाडीच्या सीटवर विसरून जायची. छत्र्या आणि टिफिन डेपोत जमा व्हायचे, कार्डं मात्र कोणी नोंदवून घेईना, म्हणून ती काकाजींच्या घरी एका बिस्किटांच्या डब्यात साचली. मुलाने एकदा गंमत म्हणून त्यांतलं एक मोबाइलवर विकायला ठेवलं आणि त्याला चक्क गिऱ्हाईक मिळालं. पुढे डबा संपला, तर काकाजी बंद पाकिटांची अख्खी खोकी विकत घेऊ लागले. चोवीसशेचं खोकं फोडायचं, त्यातून एखादं चमकतं दुर्मीळ कार्ड निघालं की ते पंधराशेला विकायचं आणि बाकीची, ज्यांना कोणी विचारत नाही ती, देवघराशेजारी रचून ठेवायची. त्या दिवशीची त्यांची कमाई किती? तर पंधराशे.

यात त्यांची लबाडी नव्हती, सवय होती. कंडक्टरने दिवसभराचे पैसे डेपोत भरले की त्याचं काम झालं. डिझेल किती लागलं, टायर कधी बदलले, हे त्याला कोणी विचारत नाही. काकाजींचा डेपो म्हणजे बँकेतली पेन्शन. कार्डाची प्लास्टिकची खोळ, कुरिअर, मोबाइलवाल्यांचं कमिशन, सारं पेन्शनीतून जायचं आणि विक्री तेवढी वेगळ्या खिशात यायची. त्यात गिऱ्हाईक जवळपासचं असलं की काकाजी कुरिअर करतच नसत, स्वतः जात. अकोल्यात दातांचे एक डॉक्टर पैलवानांची कार्डं जमवतात. त्यांना तीनशेचं कार्ड द्यायला काकाजी शेव-चिवडा घेऊन गेले, तासभर पेशंटांशी गप्पा मारत बसले, जाता जाता डॉक्टरांना आपली दाढ दाखवली आणि आठशे रुपये देऊन ती भरून घेतली. संध्याकाळी मला फोन, “तीनशेचं कलेक्शन!”

मुलगा त्यांना पुण्याला बोलवत होता. काकाजींचं उत्तर ठरलेलं, “चालता धंदा टाकून कसा येऊ?” शेवटी मुलाने मला फोन केला. “दादा, तुम्हीच एकदा हिशेब करा. खरंच नफा असेल तर मी परत विषय काढणार नाही. नसेल तर मात्र त्यांना घेऊन जातो. एकटे असतात, मला इकडे घोर लागतो.”

मी रविवारी अमरावतीला गेलो. काकाजींनी मोठ्या हौसेने खुर्ची पुसून दिली.

“महिन्याची विक्री किती, काकाजी?”

“बारा हजार! लिहून घे.”

“आणि खोकी कितीची घेतली?”

“थे पेन्शनीतून.”

“कुरिअर?”

“पेन्शनीतून.”

“डॉक्टरांकडे नेलेला चिवडा?”

“थो काय धंद्याचा खर्च आहे काय, लेका? कोणाच्या घरी रिकाम्या हातानं जातेत काय? मास्तर झाला अन् रीतभात इसरला!”

दाढ मी त्यांच्या मर्जीखातर सोडून दिली. तरी बारा हजारांच्या विक्रीमागे साडेपंधरा हजार खर्च निघाला. मी आकडा वाचून दाखवला. काकाजींनी देवघराशेजारच्या त्या ढिगातलं एक कार्ड उचललं आणि परत ठेवलं. मग म्हणाले, “धारणीची गाडी कधी नफ्यात होती रे? पावसाळ्यात चार मानसं घेऊन घाट चढलो आमी. थे बंद केली असती तं तू शिकला असता काय?”

वर्गात शिकवतो त्या पुस्तकात असल्या गाडीचा हिशेब नाही. मी कागद घडी करून खिशात घालू लागलो, तेवढ्यात तेच हळू आवाजात बोलले, “पण थे गाडी लोकायसाठी होती. हे मी कोणासाठी चालवून राहिलो?” आणि त्यांनी माझ्यासमोरच मुलाला फोन लावला. “येतो मी. न्यायले ये.”

पुण्यात मुलाने धंदा बंद पाडला नाही, वळणावर आणला. खोकी घ्यायची नाहीत, फक्त मागणी असलेली कार्डं घ्यायची. कुरिअरचा माणूस दारातून पार्सल घेऊन जातो, पैसे मोबाइलवर येतात. परवा काकाजींचा फोन आला. “या महिन्यात खरा नफा झाला रे. सारा खर्च जाऊन. पोरानं दाखवला.”

“वा, काकाजी! सोसायटीत सांगितलं की नाही कोणाला?”

“कोणाले सांगू? लिफ्टमंदी सारे मोबाइलात पाहून राहतेत.” मग म्हणाले, “काल एक पार्सल बाळापूरले गेलं. नुसतं नाव अन् पत्ता. कोण असन रे बाळापूरले, कार्डं जमवणारं?”

“काय माहीत, काकाजी.”

“तुले अकोल्याहून जवळ पडते. एखाद्या रविवारी पाहून येजो. घरी कोण कोण आहे, काय करतेत, मले सांगजो.”

येत्या रविवारी मी जाणार आहे. पत्ता त्यांनी मला सावकाश लिहून घ्यायला लावला, कोणत्या थांब्यावर उतरायचं त्यासकट.